ट्रोम्सोचं विद्यापीठ : उत्तर नॉर्वेत शिकायला येऊ पाहणाऱ्यांसाठी

फ्योर्डकाठची (धागाकर्ती)

नॉर्वेत शिकण्याबद्दलच्या दोन-तीन धाग्यांवर 'ट्रोम्सो कसं आहे?' हा प्रश्न आला आणि मी प्रत्येक ठिकाणी त्रोटक उत्तर देत गेले. आता एकदाच नीट लिहिते. मी इथंच पीएचडी केली आणि आता समुद्रातल्या सूक्ष्म शैवालांवर काम करते. त्यामुळे सागरी विज्ञानाबद्दल थोडं जास्त लिहिलं जाईल, ते समजून घ्या.

ऑरोरा (ध्रुवीय प्रकाश), बर्फ, अंधार याबद्दल सगळेच विचारतात. ते सगळं आहेच. पण हे विद्यापीठ कशासाठी उभं राहिलं ते आधी समजून घ्या असं मी प्रत्येकाला सांगते, कारण इथले अभ्यासक्रम, प्रवेशाचे नियम, संशोधनाचे विषय, सगळं त्यातून आलं आहे.

नूरलान, ट्रोम्स आणि फिनमार्क हे तीन प्रांत मिळून उत्तर नॉर्वे होतो. देशाच्या मुख्य भूमीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग हा, पण लोकसंख्या दहात एकाहून कमी. एकटा फिनमार्क डेन्मार्कपेक्षा मोठा आहे. साठच्या दशकात इथं डॉक्टर मिळत नव्हते. दक्षिणेतून तरुण डॉक्टर यायचे, थोडे दिवस काढायचे आणि परत जायचे. शिक्षक, दंतवैद्य, इंजिनियर यांचंही थोड्याफार फरकानं तेच. बाहेरून माणसं आणून ती टिकत नाहीत, तर इथल्याच मुलांना इथंच शिकवायचं, असा विचार पुढे आला. एवढ्या उत्तरेला, एवढ्या कमी वस्तीत विद्यापीठ चालेल का, प्राध्यापक कुठून येणार, अशा शंका दक्षिणेत पुष्कळ होत्या. तरी २८ मार्च १९६८ रोजी नॉर्वेच्या संसदेनं ठराव केला. रक्तविकारांचे तज्ज्ञ पेटर योर्ट यांच्याकडे उभारणीची जबाबदारी गेली, पुढे तेच पहिले रेक्टर (कुलगुरू) झाले. १९७२ मध्ये शिकवणं सुरू झालं.

विषय निवडतानाही 'इथं कशाची गरज आहे' हेच पाहिलं गेलं. वैद्यक, मासेमारी, सामी या मूळ रहिवाशांची भाषा आणि संस्कृती, आणि ध्रुवीय प्रकाशाचं भौतिकशास्त्र. शेवटच्या विषयासाठी पाया तयारच होता. ट्रोम्सोत १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून ध्रुवीय प्रकाशाची वेधशाळा होती, ती विद्यापीठात आली. १८७२ पासूनचं ट्रोम्सो संग्रहालयही नंतर विद्यापीठाचा भाग झालं.

आजचा पसारा बराच मोठा आहे. २००९ मध्ये ट्रोम्सोचं उच्चशिक्षण महाविद्यालय, २०१३ मध्ये फिनमार्कचं, २०१६ मध्ये नार्विक आणि हार्स्टाची महाविद्यालयं यात विलीन झाली. २०१३ पासून अधिकृत नाव 'नॉर्वेचं आर्क्टिक विद्यापीठ', बोलताना सगळे नुसतं 'यूआयटी' म्हणतात. विद्यार्थी १७ हजारांच्या आसपास. मुख्य आवार ट्रोम्सोच्या बेटावर ब्रैविका भागात, शेजारीच विद्यापीठाचं रुग्णालय. शिवाय अल्टा, हामरफेस्ट, शिर्केनेस, नार्विक, हार्स्टा इथं शाखा, आणि बार्दुफोसला वैमानिकांचं शिक्षण. सरकारी विद्यापीठ आहे, मुख्य पैसा शासनाकडून येतो. नियामक मंडळात शिक्षक, कर्मचारी आणि बाहेरचे सदस्य असतात, तसे विद्यार्थ्यांचे प्रतिनिधीही मतदानाच्या अधिकारासह बसतात.

विचारा काय विचारायचं ते. माहीत असेल ते सांगेन.

---

स्टेथो

छान धागा. मी फॅमिली मेडिसिन शिकवतो, म्हणून पहिला प्रश्न माझा. 'इथल्याच मुलांना इथंच शिकवलं की ती टिकतात' हे म्हणायला सोपं आहे. प्रत्यक्षात टिकले का डॉक्टर? आपल्याकडे बंधपत्राचा मार्ग आहे. मुदत संपली की मुलं शहरात परत, हे दरवर्षी बघतो.

---

फ्योर्डकाठची

स्टेथो, टिकले. याचा नीट अभ्यास झालेला आहे. १९७९ ते १९८८ या काळात ट्रोम्सोतून वैद्यकीय पदवी घेतलेल्या ४१७ जणांचा माग काढला, तेव्हा ५६ टक्के उत्तरेतच काम करत होते. त्यातही ज्यांचं लहानपण उत्तरेत गेलं होतं, त्यांच्यात हे प्रमाण ८२ टक्के होतं. दक्षिणेतून शिकायला आलेल्यांत मात्र ३८ टक्क्यांच्या आसपास. माणूस कुठून आला आहे याला शिक्षणाच्या जागेइतकंच, किंबहुना जास्त महत्त्व आहे, हे या आकड्यांतून स्वच्छ दिसतं.

म्हणून वैद्यकाच्या प्रवेशात उत्तर नॉर्वेतल्या अर्जदारांसाठी वेगळा कोटा आहे आणि सामी अर्जदारांसाठीही. दुसरं, शिक्षण रुग्णालयाच्या चार भिंतींत ठेवलेलं नाही. पहिल्या वर्षापासून रुग्णांशी संबंध येतो, आणि पाचव्या वर्षी मुलं लहान जिल्हा रुग्णालयांत आणि गावातल्या डॉक्टरच्या दवाखान्यात काम करायला जातात. गावातला डॉक्टर दिवसभर काय करतो, हे ती तिथं राहूनच शिकतात. आता तर शेवटची वर्षं बुडोला किंवा फिनमार्कमध्ये राहून पुरी करायची सोय आहे. फिनमार्कची तुकडी २०१७ पासून सुरू झाली, हामरफेस्टच्या रुग्णालयाभोवती.

बंधपत्र आणि यात मला मोठा फरक दिसतो. बंधपत्रात माणूस मुदत मोजतो. इथं त्याची बायको, मित्र, घर, स्कीची वाट, सगळं त्याच भागात तयार झालेलं असतं.

---

स्टेथो

आकड्यांबद्दल आभार. एक भर घालतो. सार्वजनिक आरोग्य शिकलेल्या कुणालाही 'ट्रोम्सो अभ्यास' माहीत असतो. उत्तर नॉर्वेत मध्यमवयीन पुरुष हृदयविकारानं फार मरत होते, म्हणून १९७४ मध्ये विद्यापीठानं शहरातल्या २० ते ४९ वयाच्या पुरुषांना तपासणीला बोलावलं. साडेसहा हजारांवर आले. नंतर स्त्रियांनाही घेतलं आणि दर काही वर्षांनी पुन्हा पुन्हा तपासण्या होत राहिल्या. सातव्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, २१ हजारांहून जास्त लोक आले होते. पहिल्या सात फेऱ्या मिळून ४५ हजारांवर माणसं. म्हणजे एकाच शहरातली माणसं पन्नास वर्षं आपलं रक्त, रक्तदाब, सवयी देत आली आहेत. असा विदा (डेटा) जगात फार थोड्या ठिकाणी आहे.

यातूनच १९८३ मध्ये कॉफीचा तो गाजलेला शोधनिबंध आला. जास्त कॉफी पिणाऱ्यांचं कोलेस्टेरॉल जास्त दिसलं. इतर देशांत तसं दिसेना, आणि मग उलगडा झाला की उत्तरेत लोक कॉफी उकळून पितात. उकळताना बियांतले तेलकट घटक कपात उतरतात. कागदी गाळणीतून गाळली तर ते कागदावर राहतात. एवढीशी गोष्ट, पण माणसांच्या रोजच्या सवयीत शिरून बघितल्याशिवाय सापडली नसती. मी दरवर्षी मुलांना हे उदाहरण शिकवतो.

---

मधलीसुट्टी

वाचनखूण साठवली आहे. माझा प्रश्न व्यवहाराचा. भाचीला मत्स्यविज्ञानात मास्टर्स करायचं आहे. नॉर्वेत शिक्षण फुकट आहे असं ऐकलं होतं. मग हल्ली फी लागते असंही ऐकलं. नक्की काय?

---

फ्योर्डकाठची

मधलीसुट्टी, दोन्ही ऐकलेलं खरं, वेळ वेगळी. २०२३ च्या शरद सत्राआधी परदेशी विद्यार्थ्यांनाही शिकवणी शुल्क नव्हतं, फक्त सत्राची किरकोळ वर्गणी भरायची. तेव्हापासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या विद्यार्थ्यांना बॅचलर्स-मास्टर्ससाठी शुल्क आहे. रक्कम अभ्यासक्रमानुसार बदलते, तेव्हा ज्या वर्षी अर्ज कराल त्या वर्षीचं विद्यापीठाचं पान बघा, जुन्या ब्लॉगवर विसंबू नका.

शिवाय राहण्याच्या परवान्यासाठी खर्चाची तरतूद दाखवावी लागते, वर्षाला दीड लाख क्रोनरहून जास्त. विद्यार्थ्यांना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. पण त्या कमाईवर सगळं गणित बसवू नका, विशेषतः पहिल्या सत्रात.

पीएचडीचं वेगळं. ती इथं नोकरी आहे. पगार, कर, सुट्ट्या, आजारपणाची रजा, सगळं कर्मचाऱ्यासारखं. तीन वर्षं निव्वळ संशोधन, किंवा चार वर्षं आणि त्यातला चौथा हिस्सा शिकवण्याचा वगैरे. शुल्क नाही.

मत्स्यविज्ञानाबद्दल, भाचीनं नक्की बघावं. मासेमारीचं महाविद्यालय विद्यापीठाच्या जन्मापासूनचं आहे. आणि तिथं माशाचं जीवशास्त्र, साठ्याचं व्यवस्थापन, बाजार, कायदा, प्रक्रिया हे सगळं एकत्र शिकवतात, कारण कॉड माशाचा साठा सांभाळणं हा एकट्या जीवशास्त्रज्ञाच्या आवाक्यातला प्रश्न नाही. कोट्याचं राजकारण आणि किनाऱ्यावरच्या छोट्या होडीवाल्याचं पोट दोन्ही त्यात येतं. आंतरराष्ट्रीय मत्स्यव्यवस्थापनाचं मास्टर्स इंग्रजीत आहे आणि त्यात आशिया-आफ्रिकेतले विद्यार्थी पूर्वीपासून येतात.

---

कडेकपारी

मी नार्विकला आहे, इंजिनियरिंगकडे. थोडी दुसरी बाजू मांडतो.

विलीनीकरणामुळे कागदावर एक मोठं विद्यापीठ झालं, पण अंतरं कमी झाली नाहीत. नार्विकहून ट्रोम्सोला बसनं चार तास. ट्रोम्सोला रेल्वे नाहीच. नार्विकला आहे, पण ती स्वीडनकडे जाते, किरुनाच्या लोहखनिजासाठी बांधलेली. शिर्केनेसहून ट्रोम्सो म्हणजे रस्त्यानं दिवसभराचा प्रवास. 'निर्णय ट्रोम्सोत होतात आणि आम्हाला ईमेल येते' ही भावना शाखांमध्ये आहे, आणि ती निराधार नाही. एखादा अभ्यासक्रम ट्रोम्सोत बंद झाला तर मुलं दुसरा घेतात. लहान गावात बंद झाला तर तिथली नर्स किंवा शिक्षिका होऊ पाहणारी, दोन मुलांची आई शिकायचंच सोडते.

फ्योर्डकाठची, तुम्ही विद्यापीठाचा जो मूळ हेतू सांगितलात, त्याच कसोटीवर मला शाखांची काळजी वाटते. साठच्या दशकात ओस्लोकडे बघून जे ट्रोम्सो म्हणत होतं, तेच आज अल्टा आणि नार्विक ट्रोम्सोकडे बघून म्हणतात.

शिकवण्याबद्दल मात्र तक्रार नाही. वर्ग लहान, प्रयोगशाळा मोकळ्या, आणि थंड हवामानातलं बांधकाम, बर्फाचा भार, उपग्रह तंत्रज्ञान असे विषय इथं खरोखर जगून शिकता येतात.

---

फ्योर्डकाठची

कडेकपारी, पटलं. ही गोष्ट मी मूळ लेखात लिहायला हवी अशीच आहे. एक मात्र म्हणेन. विखुरलेल्या शिक्षणाची पद्धत या भागात चांगली रुजली आहे. नर्सिंगचे विद्यार्थी आपल्या गावात राहून शिकतात, ठरावीक आठवड्यांना एकत्र जमतात. ते चालू राहण्यासाठी स्थानिक शाखेत पूर्णवेळ माणसं लागतात, आणि तिथंच कात्री लागली तर तुम्ही म्हणता तसंच होणार.

माणसं टिकावीत म्हणून सरकारही हात लावतं, हे इथं सांगायला हवं. फिनमार्क आणि उत्तर ट्रोम्सच्या ठरलेल्या पालिकांमध्ये राहून काम केलं तर शैक्षणिक कर्जाचा काही भाग दरवर्षी माफ होतो आणि प्राप्तिकरही कमी बसतो. १९९० पासूनची योजना आहे. ट्रोम्सो शहर त्यात येत नाही.

---

अक्षरवेडी

मी भाषातंत्रज्ञानात काम करते, ट्रोम्सोला एकदाच गेले आहे, पण तिथल्या कामाचा रोज उपयोग करते. त्याबद्दल कुणी लिहिलेलं दिसलं नाही म्हणून लिहिते.

सामी हे नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाच्या उत्तर टोकाचे मूळ रहिवासी. त्यांची एक भाषा नाही, भाषांचं कुळ आहे. त्यातली सर्वांत मोठी उत्तर सामी, तीही बोलणारे वीस-पंचवीस हजार. लुले सामी आणि दक्षिण सामी बोलणारे तर त्याहून खूपच कमी. दीर्घकाळ नॉर्वेच्या शाळांत सामी मुलांना आपली भाषा बोलू दिली जात नव्हती. सगळ्यांना नॉर्वेजियन बनवायचं, हे उघड सरकारी धोरण होतं. संसदेनं नेमलेल्या सत्य आणि सलोखा आयोगानं २०२३ मध्ये त्याचा अहवाल दिला.

अशा भाषेसाठी संगणकावर शुद्धलेखन तपासनीस कसा बनवायचा? मोठ्या भाषांमध्ये कोट्यवधी वाक्यं गोळा करून यंत्राला शिकवतात. इथं एवढा मजकूरच लिहिला गेलेला नाही. ट्रोम्सोतल्या गटांनी दुसरा रस्ता धरला. भाषेचं व्याकरण नियम म्हणून लिहून काढलं. शब्दाला प्रत्यय लागताना आतलं व्यंजन कसं बदलतं, स्वर कधी बदलतो, कुठला प्रत्यय कुठल्या धातूला चालतो, हे सगळं नियमांत बसवून त्याचं यंत्र तयार केलं. एका नामाची अनेक रूपं होतात, त्यामुळे शब्दांची यादी घेऊन काम भागत नाही. मराठीत सामान्यरूप सांभाळणाऱ्या कुणालाही ही अडचण लगेच कळेल.

त्यातून काय मिळालं तर मोबाइलचे आणि संगणकाचे कळफलक, शुद्धलेखन तपासनीस, ऑनलाइन शब्दकोश, शिकणाऱ्यांसाठी सराव. 'गिएलातेक्नो' आणि 'दिव्वुन' हे ते दोन गट. सगळं खुलं ठेवलं आहे, म्हणून तीच चौकट वापरून ग्रीनलँडिक, फेरोईज आणि रशियातल्या छोट्या भाषांसाठीही साधनं झाली. एक सामी शिक्षिका वर्गासाठी मजकूर टाइप करत होती आणि चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ उमटली, तिनं उजवी टिचकी मारून योग्य रूप निवडलं, पुढे गेली. तिला ते इतकं सवयीचं होतं की माझं लक्ष का गेलं हे तिला कळेना. आपली भाषा यंत्राला येते हे त्या पिढीला गृहीत धरता येतं, यासाठी कुणीतरी दोन दशकं बसून नियम लिहिले आहेत.

ज्यांना आपल्या बोलींसाठी असं काही करायचं आहे त्यांनी हे काम जरूर बघावं. विद्यापीठाच्या लोकांशी बोललात तर ते मोकळेपणानं मदत करतात, हा माझा अनुभव.

---

भटक्या_विमुक्त

अक्षरवेडी, प्रतिसाद फार आवडला. +१. सामी अभ्यासाचं विद्यापीठही तिथंच आहे का? कौतोकेइनो नाव ऐकलं आहे.

---

अक्षरवेडी

कौतोकेइनोचं सामी उच्चशिक्षण महाविद्यालय वेगळी संस्था आहे, १९८९ ची. तिथं शिकवण्याची भाषाच सामी. त्याच वर्षी कारासयोकला सामी संसदही उघडली. ट्रोम्सोत सामी भाषा-साहित्य, सामी अभ्यासाचं केंद्र आणि मूळ रहिवाशांच्या अभ्यासाचं मास्टर्स आहे. हे मास्टर्स इंग्रजीत, जगभरच्या आदिवासी समाजांतली मुलं येतात. आवारात 'आर्दना' नावाचं सामी सांस्कृतिक घर आहे, मधोमध चूल आणि भोवती बसायची जागा. तिथं व्याख्यानंही होतात.

---

पैलतीर

माझी मुलगी ऑगस्टमध्ये ट्रोम्सोला निघाली आहे, अवकाश भौतिकशास्त्र शिकायला. बाकी सगळं कळलं, पण दोन महिने सूर्य दिसत नाही म्हणतात, त्याची काळजी वाटते. तुम्ही तिथं राहता, म्हणून स्पष्टच विचारते. झेपतं का हो?

---

फ्योर्डकाठची

पैलतीर, झेपतं, पण तयारी लागते. आणि काळजी वाटणं अगदी साहजिक आहे.

सूर्य क्षितिजावर येत नाही तो साधारण २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी. भोवती डोंगर असल्यानं शहरात प्रत्यक्ष दिसायला २१ जानेवारी उजाडते, आणि त्या दिवशी शाळा-कचेऱ्यांत गोड पाव वाटतात. पण मधल्या काळात चोवीस तास काळोख नसतो. दुपारी बाराच्या आगेमागे दोन-तीन तास निळसर उजेड असतो, दक्षिणेकडे गुलाबी कड दिसते, आणि खाली बर्फ असल्यानं आहे तो उजेड दुप्पट वाटतो. बर्फ उशिरा पडला आणि नुसता पाऊस असला तर मात्र तो काळ खरंच जड जातो.

जास्त त्रास झोपेचा होतो. शरीराला सकाळ कधी झाली ते कळत नाही. म्हणून उठायची वेळ सुट्टीच्या दिवशीही बदलू द्यायची नाही, आणि त्या दोन-तीन तासांत बाहेर पडायचंच, हवा कशीही असो. बेटाच्या पाठीच्या कण्यावरून दिव्यांची स्कीची वाट जाते. संध्याकाळी कामावरून सुटलेले लोक, आजोबा, शाळकरी मुलं, सगळे त्यावर असतात. तिला स्की येत नसेल तरी पहिल्याच हिवाळ्यात शिकू दे. ओळखी तिथं होतात. इथली माणसं आपणहून बोलत नाहीत, पण एकत्र काही करायला लागलं की घट्ट होतात. कॉड लिव्हर तेल इथं लहानथोर घेतात, तिनंही घ्यावं. अंगावर चमकपट्टी असायलाच हवी, आणि बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे. जानेवारीत पाऊस पडून रस्त्याची काच होते, थंडीपेक्षा त्यानं जास्त लोक पडतात.

थंडीचं म्हणाल तर लोक समजतात तेवढी नाही. जानेवारीचं सरासरी तापमान उणे चारच्या आसपास, कारण अटलांटिकचं उबदार पाणी इथवर येतं, समुद्र गोठत नाही. बर्फ मात्र भरपूर. एप्रिल १९९७ मध्ये जमिनीवर २४० सेंटिमीटर मोजला होता.

आणि २० मे ते २२ जुलै सूर्य मावळतच नाही. तेव्हा झोपायला जाड पडदे लागतात.

तिचा विषय उत्तम निवडला आहे. ट्रोम्सोजवळ रामफ्योर्डमोएनला १९८१ पासून आयस्कॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेचे रडार आहेत, शंभर-तीनशे किलोमीटरवरच्या वातावरणाचा वेध घेणारे. आता शिबोत्नला त्यांची नवी पिढी उभी राहते आहे, सुमारे १० हजार अँटेना एका मैदानात. फिनलंड आणि स्वीडनमध्ये जोडीची केंद्रं. ध्रुवीय प्रकाश ज्या थरात पेटतो तिथं काय चाललं आहे, हे तीन बाजूंनी एकदम बघता येईल. शिकणाऱ्या मुलांना हे जवळून बघायला मिळतं.

---

पैलतीर

फार बरं वाटलं वाचून. चमकपट्टीचं आणि खिळ्यांचं तिला लगेच कळवते. मनापासून आभार.

---

कोरा_कागद

सागरी विज्ञानाबद्दल जास्त लिहीन म्हणालात आणि एवढ्यावरच थांबलात! शैवालांचं काम कसं असतं ते वाचायचं आहे.

---

फ्योर्डकाठची

लिहिते, आनंदानं.

बॅरेंट्स समुद्रात वसंतात उजेड परत आला की बर्फाच्या कडेला डायटम नावाची एकपेशीय शैवालं प्रचंड वेगानं वाढतात. वर्षभराचं बरंचसं अन्न त्या काही आठवड्यांत तयार होतं. ते खायला कोपेपॉड नावाचे कोळंबीच्या कुळातले बारीक जीव, त्यांच्यावर कॅपेलिन हा लहान मासा आणि छोटा कॉड, त्यांच्यावर मोठे मासे, सील, पक्षी. बर्फ लवकर वितळला तर शैवालांची वेळ बदलते, आणि खाणाऱ्यांची अंडी फुटायची वेळ त्याच्याशी जुळली नाही तर पुढची साखळी विस्कटते. हे प्रत्यक्ष मोजायचं तर ध्रुवीय रात्रीतही समुद्रावर जावं लागतं. 'क्रोनप्रिन्स हॉकोन' हे बर्फ फोडणारं संशोधन जहाज २०१८ पासून आहे, त्याचं घरचं बंदर ट्रोम्सो. २०१८ ते २०२४ या काळात यूआयटीच्या नेतृत्वाखाली नॉर्वेतल्या संस्थांनी मिळून बॅरेंट्स समुद्राचा सगळ्या ऋतूंतला अभ्यास केला, नॉर्वेचा ध्रुवीय संशोधक नान्सेन याच्या नावानं चालवलेला प्रकल्प.

जाळी वर येते तेव्हा तळाच्या बाटलीत तपकिरी-हिरवा लगदा असतो, काकडी चिरल्यासारखा वास येतो. एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की काचेच्या डब्या दिसतात. डायटमचं कवच सिलिकाचं असतं, नक्षी प्रत्येक जातीची वेगळी. हात गारठलेले असले तरी तिथून उठवत नाही.

याचीच एक जमिनीवरची शाखा सांगते. ट्रोम्सोच्या दक्षिणेला फिनफ्योर्ड इथं फेरोसिलिकॉनचा (लोखंड आणि सिलिकॉनच्या मिश्रधातूचा) कारखाना आहे. त्याच्या धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड मोठ्या टाक्यांत सोडून त्यावर थंड पाण्यातले डायटम वाढवायचे आणि त्यांचं माशांसाठी खाद्य करायचं, असं काम विद्यापीठ आणि कारखाना मिळून करतात. थंडीत वाढणारी जात निवडली म्हणून टाक्या गरम कराव्या लागत नाहीत.

रशियाच्या बाजूच्या समुद्राची माहिती मात्र २०२२ पासून मिळेनाशी झाली आहे. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर नॉर्वेनं रशियन संस्थांशी असलेले शैक्षणिक करार थांबवले. ते योग्यच होतं असं मला वाटतं. पण समुद्र एकच आहे आणि आमच्या नकाशाचा पूर्वेकडचा अर्धा भाग रिकामा राहतो, त्याचं दुःख होतं. शिर्केनेसच्या सहकाऱ्यांना तर सीमेपलीकडचे अनेक वर्षांचे संबंध तोडावे लागले.

---

मधलीसुट्टी

भाचीला सगळा धागा वाचायला दिला. तिचे दोन प्रश्न. नॉर्वेजियन आल्याशिवाय भागतं का? आणि परीक्षा कशा असतात?

---

फ्योर्डकाठची

इंग्रजी मास्टर्स करायला नॉर्वेजियन लागत नाही. दुकान, बस, बँक, सगळीकडे इंग्रजी चालतं. पण बॅचलर्स बहुतेक नॉर्वेजियनमध्ये आहेत, आणि शिकून झाल्यावर विद्यापीठाबाहेर नोकरी हवी असेल तर भाषा आलीच पाहिजे. मत्स्यखातं, पालिका, मासळी कंपनी, कुठंही. तिनं पहिल्या सत्रापासूनच शिकायला घ्यावं. 'नंतर बघू' म्हणणाऱ्यांचं नंतर राहूनच जातं, हे मी आजूबाजूला पुष्कळ बघितलं आहे. आणि उत्तरेकडची बोली पुस्तकातल्यापेक्षा वेगळी ऐकू येते, तिनं घाबरून जाऊ नये.

लेखी परीक्षेत नाव नसतं, उमेदवार क्रमांक असतो. गुण पटले नाहीत तर ते का दिले याचं स्पष्टीकरण मागण्याचा कायद्यानं हक्क आहे. त्यानंतर तक्रार केली तर नवे परीक्षक उत्तरपत्रिका पुन्हा तपासतात. श्रेणी वाढते तशी खालीही येऊ शकते, म्हणून आधी स्पष्टीकरण वाचायचं. प्राध्यापकांना पहिल्या नावानं हाक मारायची, हे तिला सुरुवातीला जड जाईल. वर्गात प्रश्न विचारला तर कुणी उद्धट समजत नाही. गप्प बसणाऱ्याला काही येत नाही असं मात्र समजतात.

---

कोरा_कागद

शेवटचा प्रश्न. मला दोन वर्षांनी पीएचडीला अर्ज करायचा आहे. प्राध्यापकांना आधी ईमेल करून जागा मागायची असते का?

---

फ्योर्डकाठची

कोरा_कागद, ईमेल करून जागा मिळत नाही. पद जाहीर होतं, 'जॉबनॉर्गे' या संकेतस्थळावर, आणि तिथूनच अर्ज करायचा. जाहिरातीत संपर्कासाठी नाव दिलेलं असतं. त्यांना प्रकल्पाबद्दल नेमका प्रश्न विचारायला हरकत नाही, उलट विचारावा. पण जाहिरात नीट वाचून मग. तज्ज्ञांची समिती सगळे अर्ज वाचून लेखी मूल्यमापन करते. सरकारी पद असल्यानं अर्जदारांची यादी सार्वजनिक होऊ शकते, हे माहीत असू द्या.

जाहिरातीत 'असणं आवश्यक' आणि 'असल्यास उत्तम' असे दोन भाग असतात. पहिल्या भागातली एखादी जरी गोष्ट नसेल तर अर्ज बाजूला पडतो, बाकी कितीही चांगलं असलं तरी. मास्टर्सचा प्रबंध जोडायला सांगतात आणि तो खरंच वाचतात. तुमच्या हातात दोन वर्षं आहेत, तर प्रबंधाचा विषय आत्ताच असा निवडा की त्यात तुमचं स्वतःचं मोजमाप, स्वतःचा विदा असेल. मुलाखतीत बहुतेक प्रश्न त्यावरच येतात.